मासेमारीची बोट घेताय? आधी या गोष्टी तपासा

नागपूर परिसरातल्या तलाव-धरणांवर ढिवर समाजाचे मच्छीमार पूर्वापार लाकडी डोंगा वापरतात. आता फायबरच्या बोटीही दिसतात. निवडताना हे पाहा:

• तळ: रुंद, सपाट तळ उथळ पाण्यात चालतो आणि जाळे ओढताना बोट कमी डुलते.
• काठ: पूर्ण वजन भरल्यावरही पाण्याच्या बराच वर राहावा.
• हवाबंद कप्पे: पाणी शिरले तरी बोट तरंगती ठेवतात.
• क्षमता: माणसे, ओले जाळे, मासे आणि इंजिन यांचे एकत्र वजन धरा.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. त्यामुळे बोटीच्या बजेटमध्येच प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट धरा.