बालविकासातील संशोधनासाठी अधिछात्रवृत्ती

नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. लातूर येथे त्याचे उपकेंद्र आहे. मात्र पीएच.डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्तीसाठी अन्यत्रही अर्ज करावे लागतात. 'नेट' परीक्षेत बालविकास हा स्वतंत्र विषय नसून तो गृहविज्ञानात मोडतो; शिक्षणशास्त्र मात्र स्वतंत्र आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीस पात्र ठरणाऱ्यांना २०२३ पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. 'नेट'द्वारे ही संधी न मिळालेल्यांसाठी राज्याच्या संस्था आहेत : अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्गीयांसाठी महाज्योती. या योजनांसाठी आधी पीएच.डी.ची नोंदणी लागते. म्हणून मार्गदर्शक व विषय निश्चित करून नोंदणी वेळेत पूर्ण करणे हीच पहिली पायरी होय.