रुबेला-तपासणीची कुळकथा

गर्भवतीच्या रुबेला-तपासणीचे मूळ सिडनीतील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन मॅकअॅलिस्टर ग्रेग यांच्या १९४१ सालच्या एका शोधनिबंधात सापडते. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या ७८ अर्भकांची माहिती पडताळताना, त्यांपैकी ६८ जणांच्या मातांना गरोदरपणात रुबेला होऊन गेला होता, असे त्यांना आढळले. तोवर हलका ताप आणि पुरळ यांवर निभावणारा बालपणीचा आजार म्हणून ज्याकडे दुर्लक्ष होत असे, तोच पहिल्या तीन महिन्यांत गर्भाला गाठल्यास अंधत्व, बहिरेपणा आणि हृदयदोष देऊन जातो, हे या निबंधामुळे आणि पाठोपाठच्या अभ्यासांमुळे स्पष्ट झाले.

या ज्ञानाला उपायाची जोड मिळण्यास मात्र दोन दशकांहून अधिक काळ लागला. १९६२ मध्ये रुबेलाचा विषाणू वेगळा करण्यात आला. १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० बालके जन्मजात रुबेलाचे दोष घेऊन जन्मली. १९६७ मध्ये, तांबड्या पेशींचे पुंजके होण्यास रक्तद्रव किती अटकाव करतो यावरून प्रतिपिंडे, म्हणजे रोगाविरुद्ध शरीराने तयार केलेली संरक्षक प्रथिने, मोजणारी चाचणी हाती आली आणि १९६९ मध्ये अमेरिकेत लसीला परवाना मिळाला.

लस कोणाला द्यावी, याबाबत दोन मार्ग निघाले. अमेरिकेने सर्व बालकांना लस देऊन विषाणूचा संचारच रोखण्याचे ठरवले, तर ब्रिटनने १९७० पासून शाळकरी मुलींना लस दिली आणि त्यातून सुटलेल्या स्त्रिया गरोदरपणातील रक्तचाचणीने हुडकण्याची पद्धत रुजवली. ही लस जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची असल्याने गरोदरपणात देत नाहीत. त्यामुळे असंरक्षित ठरलेल्या स्त्रीला ती प्रसूतीनंतर मिळते आणि तिचा लाभ पुढच्या बाळाला होतो.

खर्च-परिणामकारकतेचा, म्हणजे खर्चाच्या मोबदल्यात किती हानी टळते या हिशेबाचा, प्रश्न येथूनच उद्भवतो. शंभरांत दहा स्त्रिया असंरक्षित असतील, तर त्या दहा सापडण्यासाठी शंभर चाचण्या कराव्या लागतात, आणि हे प्रमाण दोनवर आले की प्रत्येक असंरक्षित स्त्रीमागे पन्नास चाचण्यांचा खर्च पडतो. त्यातही प्रसूतीनंतर लस द्यायची राहून गेली, किंवा ते त्या स्त्रीचे अखेरचे बाळंतपण असले, तर चाचणीचा लाभ पुढच्या कोणत्याही बाळापर्यंत पोहोचत नाही. उलट, एका बाधित बालकाच्या शस्त्रक्रिया, विशेष शिक्षण आणि आयुष्यभराची शुश्रूषा यांचा भार एवढा मोठा असतो, की विषाणू समाजात फिरत असेतोवर हीच तपासणी किफायतशीर ठरू शकते.

ब्रिटनमध्ये लहान मुले आणि मुलगे यांच्यात विषाणू फिरतच राहिला, म्हणून १९८८ पासून तेथे मुलगे-मुली दोघांनाही गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस देण्यास प्रारंभ झाला. गरोदरपणातील संसर्ग अत्यंत विरळ झाल्यावर, चाचणीचे चुकीचे निष्कर्ष स्त्रियांना विनाकारण चिंतेत टाकतात हेही ध्यानात घेऊन, इंग्लंडने एप्रिल २०१६ पासून ही तपासणी थांबवली. बालकांचे लसीकरण अर्धवट ठेवण्यातला धोका ग्रीसने अनुभवला आहे: थोड्याच मुलांना लस मिळाल्याने संसर्ग बालपणाऐवजी तरुण वयात होऊ लागला आणि १९९३ च्या साथीनंतर तेथे बाधित अर्भके जन्मली.

भारतात नऊ महिने ते पंधरा वर्षांखालील मुलांसाठीची गोवर-रुबेला मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये गोव्यासह पाच राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात पोहोचली. त्या वेळी पंधरा वर्षे ओलांडलेल्या मुली आज मातृत्वाच्या वयात आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना ही लस कधीच मिळालेली नाही, त्यांना ती गर्भधारणेपूर्वी देऊन पुढे एक महिना गर्भधारणा टाळण्यास सांगणे, हा गरोदरपणातील चाचणीहून अधिक हिताचा मार्ग आहे, कारण त्याने पहिल्याच बाळाचे रक्षण होते.