भाड्याचे दार: पोर्ट फॉरवर्डिंगची गोष्ट

इंटरनेटच्या मूळ रचनेत मागणारे आणि पुरवणारे अशा दोन जाती नव्हत्या. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट हे इंटरनेटचे पूर्वज जाळे टीसीपी/आयपी या नियमावलीवर आले, तेव्हा जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला स्वतःचा आयपी पत्ता होता. ज्याला दुसऱ्याला हाक मारता येत होती, त्याला दुसऱ्याकडूनही हाक येऊ शकत होती. त्या पत्त्यावर आलेला मजकूर कोणत्या प्रोग्रामच्या हाती द्यायचा, हे पोर्टच्या क्रमांकावरून ठरे आणि आजही तसेच ठरते. वेबसाठी ८०, दूरच्या संगणकात शिरण्याच्या एसएसएचसाठी २२, असे हे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात.

पत्ता मात्र ३२ बिटांचा होता. एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांचे मोठमोठे गठ्ठे विद्यापीठांना व कंपन्यांना आधीच सढळ हाताने वाटलेले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी टंचाई दिसू लागली. मे १९९४ मध्ये के. एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ या टिपणात पत्ता बदलून देणाऱ्या यंत्राची, म्हणजे नॅटची, कल्पना मांडली. आत कितीही संगणक असोत, बाहेरच्या जगाला थोडेच पत्ते दिसावेत, अशी ही सोय. टिपणात तिला अल्पकाळचा उपाय म्हटले होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे घरगुती पत्ते पक्के झाले आणि अल्पकाळचा उपाय कायमचा बनला.

नॅटचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. घरातल्या १९२.१६८.१.२० या लॅपटॉपने एखादे संकेतस्थळ उघडले की राउटर आपल्या तक्त्यात नोंद करतो: अमुक लॅपटॉप, अमुक पोर्ट, बाहेर जाताना दिलेले नवे पोर्ट. उत्तर आले की नोंद पाहून ते त्याच लॅपटॉपकडे पोचवतो. पण बाहेरून कोणी आपणहून आला, तर तक्त्यात त्याची नोंदच नसते, आणि राउटर त्याला परत पाठवतो किंवा गप्प बसतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे या तक्त्यात हाताने लिहिलेली एक कायमची ओळ: बाहेरून अमुक पोर्टवर जो येईल, त्याला १९२.१६८.१.२० कडे सोडावे. घरच्या इंटरनेटला मूळचा दुतर्फीपणा परत मिळाला तो या एका ओळीमुळे.

तिची गरज सर्वसामान्यांना कळली ती फाइलींच्या देवाणघेवाणीमुळे. १९९९ मध्ये नॅपस्टर आले, २००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांचे बिटटोरेंट. बिटटोरेंटमध्ये फाइलीचे तुकडे वापरणारेच एकमेकांना देतात. त्यातल्या दोघांचीही दारे बंद असली तर त्यांची गाठ सहसा पडत नाही. म्हणून ६८८१ ते ६८८९ ही पोर्टे राउटरमध्ये उघडण्याचे धडे त्या काळात घरोघरी गिरवले गेले. चोरीची गाणी आणि चित्रपट यांमुळे हे तंत्र बदनाम झाले, पण लिनक्सच्या मोठ्या फाइलीही याच वाटेने वाटल्या जात आणि आजही जातात. बदनामी तंत्राला चिकटली, वापराला नाही, हा त्यातला अन्याय आहे.

३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पत्ते वाटले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागात चणचणीचे नियम लागू झाले. मग सेवा पुरवठादारांनीच आपल्या जाळ्यात आणखी एक नॅट बसवला आणि अनेक घरे एकाच पत्त्यामागे ठेवली. एप्रिल २०१२ मध्ये त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारे पत्ते राखून ठेवण्यात आले. अशा घरांच्या राउटरमध्ये लिहिलेली ओळ आता निरुपयोगी ठरली, कारण खरे दार पुरवठादाराच्या कपाटात होते आणि त्याची किल्ली ग्राहकाकडे नव्हती.

नेमक्या याच काळात घरचा सर्व्हर स्वस्त झाला. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आला, २०१६ मध्ये घरच्या सर्व्हरवर फाइली ठेवण्याचा नेक्स्टक्लाउड हा प्रोग्राम. आपले फोटो आणि कागदपत्रे परक्या कंपनीच्या स्वाधीन न करता घरच्या डिस्कवर ठेवावीत, ही इच्छा रास्त होती. सामान तयार होते, दार नव्हते. ते व्हीपीएनने, म्हणजे दूरच्या सर्व्हरपर्यंत नेणाऱ्या सांकेतिक बोगद्याने, दिले. व्हीपीएनचा बोगदा घरातूनच बाहेर जातो, त्यामुळे वाटेतले दोन्ही नॅट त्याला अडवत नाहीत. त्याचे दुसरे टोक सार्वजनिक पत्ता असलेल्या सर्व्हरवर असते. त्या सर्व्हरवरचे एक पोर्ट ग्राहकाला नेमून दिले की तिथे आलेली हाक बोगद्यातून थेट घरी पोचते; हेच भाड्याचे दार. २००१ पासूनच्या ओपनव्हीपीएन या प्रणालीवर हे चालत होतेच. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत वायरगार्ड ही नवी व्हीपीएन प्रणाली आली आणि काम हलके व वेगवान झाले.

भाड्याच्या दाराचे धोकेही लवकरच दिसले. नोव्हेंबर २०१५ मध्ये परफेक्ट प्रायव्हसी या कंपनीने दाखवून दिले, की एकाच सर्व्हरवरचा एक ग्राहक पोर्ट फॉरवर्डिंग वापरून दुसऱ्याचा खरा पत्ता काढू शकतो. येण्याचा आणि जाण्याचा पत्ता वेगळा ठेवणे, हा त्यावरचा एक उपाय. दुसरे दुखणे माणसांचे होते. मलवाड या स्वीडिश कंपनीने २९ मे २०२३ रोजी ही सोय बंद करत असल्याचे जाहीर केले आणि १ जुलैला बंद केली. काही ग्राहक त्या पोर्टांवरून गैर मजकूर आणि घातक सेवा चालवत होते. पोलिसांच्या चौकशा येत, पत्ते काळ्या यादीत जात आणि यंत्रे भाड्याने देणारे करार मोडत. आयव्हीपीएननेही त्याच वर्षी हीच वाट धरली. थोड्यांच्या गैरवापराची किंमत सरळ माणसांनी मोजली. प्रोटॉन व्हीपीएनने सोय चालू ठेवली, पण तिथे पोर्टची मुदत ६० सेकंदांची असते. संगणकाला ती सतत वाढवून घ्यावी लागते आणि जोडणी तुटली की क्रमांक बदलू शकतो.

भारतात एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी ५ वर्षे ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर देशाबाहेर हलवले. त्यामुळे पुण्यातल्या माणसाला नाशिकच्या घरातली फाइल मागवताना ती सिंगापूर किंवा युरोपमार्गे फिरून येऊ शकते.

१२८ बिटांच्या आयपीव्ही६ पत्त्यांनी टंचाईच मिटते. घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि फायरवॉलमधली एक परवानगी पुरते. मात्र समोरच्याकडेही आयपीव्ही६ असावे लागते. ते नसेल तरी व्हीपीएनचे पैसे भरण्याआधी राउटरच्या पानावरचा बाहेरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला नसेल आणि बाहेरून दिसणाऱ्या पत्त्याशी जुळत असेल, तर भाड्याच्या दाराची गरजच नाही. राउटरमधली ती जुनी एक ओळ अजूनही चालते.