अंगणातला सायलेन्सर

मोटारसायकलला मराठीने नाव दिलं ते चाकांवरून नाही की वेगावरून. मागच्या नळकांड्यातून येणाऱ्या आवाजावरून दिलं: फटफटी. हा आवाज दाबण्यासाठी जे बसवतात त्याचं नाव मात्र सायलेन्सर! अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रीव्ह्ज बंधूंनी १८९७ साली त्याचं पेटंट घेतलं. पत्र्याचा डबा, आत पडदे आणि भोकं पाडलेल्या नळ्या. मूळ कल्पना आजही तीच आहे.

सोलापूर आवाजाला नवखं नाही. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून पुढे कित्येक पिढ्यांचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या मधलं जुळे सोलापूर त्या मानाने अलीकडचं. इथे पोर्चवाली घरं आली, पोर्चमध्ये गाडी आली आणि रविवारी सकाळी त्या गाडीखाली शिरणारा मालकही आला.

पद्मिनी आणि अँबॅसडरच्या काळात सायलेन्सर बदलणं ही हौस नव्हती, दुखणं होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. जुळे सोलापुरातून नव्या पेठेपर्यंत चार-पाच किलोमीटर गाडी नेली, बंद केली, की नळी पुरती तापतच नाही. पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेर सोलापूरचं ऊन कितीही कोरडं असो. मग गाडी ट्रॅक्टरसारखी बोलू लागते. आधी गॅस वेल्डिंगचं ठिगळ, ठिगळावर ठिगळ आणि शेवटी नवा सायलेन्सर.

तो घरी बसवणारे आदल्या रात्रीच गंजलेल्या नटांवर रॉकेल सोडत. सकाळी इंजिन थंड असताना चाकांना दगड लावायचे, गाडी जॅकवर घ्यायची, खाली लाकडी ठोकळे सरकवायचे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणं म्हणजे वेडेपणा. लोंबकळती रबरं साबणाच्या पाण्याने ओली केली की आकड्यातून सुटतात. पॅकिंग नवंच घालायचं. सगळे क्लॅम्प आधी सैल ठेवायचे, नळी कुठे घासत नाही ना हे पाहायचं, मग इंजिनाकडून मागे आवळत यायचं. शेवटी गाडी पोर्चबाहेर उघड्यावर चालू करून नळीच्या तोंडाशी क्षणभर ओला फडका धरायचा. सांधा कच्चा असेल तर तिथून फुसफुस ऐकू येते. कामाला एक सकाळ पुरे.

हे कसब मोडीत निघालं ते कायद्याने आणलेल्या रसायनामुळे. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसं त्याला विषासारखं, म्हणून सोबत शिसेविरहित पेट्रोल आलं. २००० साली ते देशभर मिळू लागलं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषण मानक आलं आणि नळी इंजिनाच्या संगणकाशी आणखी घट्ट जोडली गेली. आता पुढचा भाग बदलताना सेन्सरची वायर चुकली, तरी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. पान्याने तो विझत नाही.

कन्व्हर्टरच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप असतो. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला जाऊ लागले, ते या लेपाच्या 'माती'साठी. मालक जे काम करायला आता धजत नाही, ते चोर अंधारात उरकतो.

दुचाकीवाल्यांची हौस वेगळी. बुलेटला 'इंदोरी' किंवा 'पंजाब' सायलेन्सर लावायचा, आतली जाळी काढायची आणि चौकात फटाके उडवायचे. फटफटीचं नाव सार्थ करण्याचा हा प्रकार शेजारच्या आजारी माणसाला विचारून कुणी करत नाही. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवला आहे.

धुराच्या नळकांड्याचा कायद्याशी संबंध सोलापूरकरांना सांगायला नको. कुमठ्याच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी विमानतळाच्या आड येते म्हणून १५ जून २०२३ ला पाडली गेली. मोटारीच्या नळीलाही नियम आहेत: तिचं तोंड खाली नको आणि डावीकडेही नको, कारण आपल्याकडे डावीकडे पायी चालणारा माणूस असतो. सडलेल्या सायलेन्सरच्या जागी कंपनीच्या मापाचा नवा बसवायला हरकत नाही. आवाज वाढवणारा बसवून गाडी रस्त्यावर आणली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय तीन महिने लायसन्स जातं.