एक साथ, दोन चरित्रं

२२ जून १८९७ ही तारीख आम्हा चिंचवडकरांना वेगळी सांगावी लागत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीत समारंभ होता. तिथून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली.

आता त्याच वर्षातली दुसरी तारीख बघा. १० मार्च १८९७. सावित्रीबाई फुले गेल्या, प्लेगनेच. मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला होता. तिथे सेवा करताना त्यांना लागण झाली.

साथ एक, पुणं एक, मध्ये साडेतीन महिनेसुद्धा नाहीत. तरी मी वाचलेल्या चापेकरांवरच्या पुस्तकांत सावित्रीबाई नाहीत आणि सावित्रीबाईंच्या चरित्रांत रँड आलाच तर ओझरता. चरित्र एका माणसाचं असतं, हे मान्य. पण खरं कारण आपण वाचकच आहोत. आपण जयंती-पुण्यतिथी बघून पुस्तक घेतो आणि कुणाची जयंती करायची, ते आधीच ठरलेलं असतं.

यात तोटा काय? फक्त चापेकर वाचले की प्लेग म्हणजे गोऱ्या सोल्जरांनी घरात घुसून घेतलेल्या झडत्या, एवढंच उरतं. फक्त सावित्रीबाई वाचल्या की उरते ती सेवा, सरकारी जुलूम दिसतच नाही. दोन्ही शेजारी ठेवले की कळतं, रोगही खरा होता आणि जुलूमही खरा होता.

आणखी एक. दामोदर चापेकरांनी तुरुंगात स्वतःची हकीकत लिहून ठेवली आहे. त्यात इंग्रजांवर राग आहेच, पण समाजसुधारकांवरही तेवढाच राग आहे. त्यांच्यावर केलेले हल्लेही त्यांनी स्वतःच सांगितलेत. गौरव-पुस्तिकांतून हा भाग गायब होतो. का? तो वाचल्याने त्यांचं फासावर जाणं लहान होत नाही. उलट पुतळ्यातला माणूस कळतो. फुल्यांचं घर आणि चापेकरांचं घर एकाच काळात किती लांब होतं, तेही कळतं.

हे जुनं उकरणं नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये झालेला साथरोग कायदाच मार्च २०२० मध्ये आपल्याकडे पुन्हा लागू झाला. भोसरी-चाकणच्या खोल्यांतून कामगार पोरं गावाकडे चालत निघाली, तेव्हा सरकारने किती कडक व्हावं आणि आजाऱ्याजवळ कोणी थांबावं, हे दोन्ही प्रश्न जसेच्या तसे समोर होते. सव्वाशे वर्षांपूर्वीची उत्तरं पुस्तकांत होती, पण वेगवेगळ्या कपाटांत.

आपल्या शहरात व्याख्यानमालांना तोटा नाही. एखाद्या मंडळाने या वर्षी दोन वेगळ्या दिवशी दोन वक्ते न बोलावता एकच विषय ठेवावा: पुणे, १८९७. दोन्हीकडची माणसं एकाच मंडपात बसतील.