समुद्राचें फाटक

ठाण्याहून भिवंडीकडे जाणारा जुना रस्ता बाळकुमाशीं साष्टीचें बेट सोडतो आणि कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडतो. पुलाखालीं उल्हास नदीचें व भरतीचें एकमेकांत मिसळलेलें पाणी, कांठाला तिवरांची झाडी, आणि ठाण्याच्या अंगाला आभाळांत गेलेल्या नव्या इमारती. अशा इमारतींच्या जाहिरातींत क्लबघर व पोहण्याचा तलाव ठळक अक्षरांत असतो. खाडी मात्र खिडकींतून दिसणारें एक चित्र म्हणून येते. पाण्याजवळ राहावें पण पाण्यांत उतरूं नये, आणि ज्या पाण्यांत उतरावयाचें त्याला फाटक व पहारेकरी असावा, ही कल्पना आजची नव्हे. मुंबईंत तिला दीडशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो वाचकांपुढें थोडक्यांत मांडावा असें आम्हांस वाटतें.

आपल्याकडे समुद्रस्नान होतें तें पर्वकाळीं, पुण्यासाठीं. कोळी बांधव नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण करीत, तें उपजीविकेच्या कृतज्ञतेनें. विरंगुळा म्हणून किनाऱ्यावर जावें ही आवड इंग्रजांतही फार प्राचीन नाहीं. डॉ. रिचर्ड रसेल ह्यानें १७५० मध्यें समुद्राच्या पाण्याच्या औषधी गुणांवर प्रबंध लिहिला, आणि ब्रायटन नांवाचें एक कोळ्यांचें गांव पाहतां पाहतां श्रीमंतांचें विहारस्थान बनलें. हीच आवड साहेबानें बरोबर आणली. मुंबईचा यॉट क्लब १८४६ मध्यें निघाला. १८७६ मध्यें त्यास ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. पुढें अपोलो बंदरावर त्याची वास्तु उठली व तिच्यापुढें समुद्रापर्यंत हिरवळ पसरली. त्याच १८७६ सालीं ब्रीच कँडी येथील स्नानगृहाची विश्वस्त संस्था स्थापन झाली. वरळी आणि महालक्ष्मी ह्यांमधील खिंडार हॉर्नबीच्या बांधानें १७८४ च्या सुमारास बुजविलें गेलें, त्या बांधाच्या जवळचाच हा किनारा.

ह्या ठिकाणीं येणाऱ्याचा अनुभव कसा असे, हें तो कोण होता ह्यावर अवलंबून होतें. कचेरीचें काम आटोपून आलेल्या गोऱ्या सभासदाला वारा, चहा आणि स्वकीयांची संगत मिळे. आपण परमुलखांत आहों हें तो घटकाभर विसरे. त्याच हिरवळीवर हिंदी माणूस पाऊल टाकी तो हातांत तबक घेऊन. धनिक असो वा विद्वान, सभासद म्हणून त्याला तेथें जागा नव्हती. ब्रीच कँडीच्या स्नानगृहांत तर पुढें हिंदुस्थानच्या नकाशाच्या आकाराचा तलाव बांधण्यांत आला, आणि त्या आकाराच्या पाण्यांत त्या देशाच्या माणसास उतरण्याची मनाई होती! स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षें ही मनाई टिकली.

ह्या अपमानास दोन प्रकारचीं उत्तरें मिळालीं. १९०३ मध्यें जमशेटजी टाटांचें ताजमहाल हॉटेल यॉट क्लबापासून हांकेच्या अंतरावर उघडलें. तेथें कातडीचा रंग आड येत नसे. १९१८ मध्यें गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन ह्यांच्या पुढाकारानें जो क्लब निघाला, त्यांत हिंदी व यूरोपीय बरोबरीनें सभासद झाले. आपले हिंदी पाहुणे एका गोऱ्या क्लबांत अडविले गेले म्हणून लाटसाहेबांनीं हा क्लब काढला, अशी आख्यायिका आहे. ही सुधारणा खरी होती, हें आम्ही मान्य करतों. परंतु फाटक मोडलें नाहीं. पहारेकरी तेवढा बदलला. पूर्वीचा तोंडाकडे पाही, नवा खिशाकडे पाहूं लागला.

येथें आपण आपल्या घराकडेही पाहिलें पाहिजे. सुशिक्षित हिंदी मनुष्य ज्या काळीं गोऱ्यांच्या स्नानगृहाच्या नांवानें संतापत होता, त्याच काळीं त्याच्या स्वतःच्या गांवचे तलाव लाखों माणसांना बंद होते. सी. के. बोले ह्यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळानें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं संमत केला. महाडच्या नगरपालिकेनें त्यास अनुसरून चवदार तळें खुलें केल्याचें जाहीर केलें. तरीही २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं अनुयायांसह तेथील पाणी प्राशन केलें, तेव्हां त्या लोकांना मारहाण झाली आणि मागाहून तळ्याचें ‘शुद्धीकरण’ करण्यांत आलें. न्यायालयांतील वाद हायकोर्टांत संपावयास १९३७ साल उजाडलें. ब्रीच कँडीच्या पाटीवर बोट ठेवणाऱ्यानें महाड विसरतां कामा नये. तेथें सुखाचें पाणी नाकारलें होतें, येथें तहानेचें.

ह्या सर्वांस अपवाद गिरगांव चौपाटीचा. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य गेले आणि त्यांचा देह ह्याच वाळूवर अग्नीच्या स्वाधीन झाला. अफाट लोकसमुदाय तेथें मावला, कारण त्या वाळूला दार नव्हतें. पुढें राष्ट्रीय चळवळीच्या सभा तेथेंच भरल्या, गणपती तेथेंच विसर्जित होत राहिले. मोकळा किनारा शहराला काय देतो, ह्याचा याहून मोठा दाखला आम्हांस सुचत नाहीं.

२६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत विहिरी आणि तलाव ह्यांबरोबर स्नानघाटांचाही उल्लेख आहे; धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान ह्यांवरून तेथें कोणास अडवितां येत नाहीं. पण हें वचन सरकारी पैशानें चालणाऱ्या किंवा जनतेस अर्पण केलेल्या स्थळांपुरतें आहे. खासगी क्लबाचें फाटक त्याच्या कक्षेबाहेर राहतें. किनारपट्टीच्या संरक्षणासाठीं १९९१ सालीं निघालेल्या अधिसूचनेंत दोन विहारगृहांमध्यें निदान २० मीटरांची वाट लोकांसाठीं सोडावी अशी अट होती. वीस मीटर म्हणजे फार नव्हे. परंतु किनारा मालकाचा नसून वाटसरूचाही आहे, हें तत्त्व तींत मान्य झालें.

बाळकुमच्या कांठाला हाच प्रश्न वेगळ्या रूपानें येतो. क्लबघराच्या तलावांतील पाणी स्वच्छ राहतें, कारण त्यांत पोहणारे रोज त्याची चौकशी करतात. खाडीचें पाणी वरच्या अंगाच्या कारखान्यांनीं आणि शहरांच्या सांडपाण्यानें नासलें. त्याची पहिली झळ मासळीवर जगणाऱ्यांस बसली, परंतु त्यांची ओरड उंच इमारतींपर्यंत पोहोंचत नाहीं. ज्यांचा आवाज पोहोंचतो, त्यांचे पाय त्या पाण्याला लागत नाहींत. म्हणून नव्या वस्त्यांच्या नकाशांत तलावाबरोबर खाडीवर उतरणारा, सर्वांस खुला असा एक घाट असावा, अशी आमची सूचना आहे. मुलें तेथें ओहोटी-भरती पाहतील, कोळ्याचा पोर आणि सभासदाचा पोर एका पायरीवर बसतील, आणि पाण्याला दुर्गंधी आली तर ती दोघांच्याही नाकाला कळेल. एवढें झालें तरी खाडीच्या बाजूनें बोलणारे कांहीं लोक वाढतील.