हुंड्यातला किल्ला

सुटीत किल्ले पाहावयास निघालेल्या माणसास उंचीचा मोह असतो. नातेपुत्याच्या पश्चिमेस महादेवाच्या डोंगररांगेत संतोषगड आणि वारुगड उभे आहेत. आमच्या धर्मग्रामातील मुलांची ओढ तिकडेच. मे महिन्यात मात्र आम्ही त्यांना पंढरपूरमार्गे सोलापूरच्या भुईकोटात नेले. “फादर, डोंगर कुठे आहे?” असे एकाने विचारलेच.

प्रश्न रास्त होता. बालेकिल्ला या शब्दातील फारसी ‘बाला’ म्हणजे वरचा. सपाट भूमीवर हा ‘वरचा’ कोठून आणावा? युरोपातील मध्ययुगीन गढ्यांत जाड भिंतींचा उंच मनोरा असे. सरदार त्यातच राही आणि अखेरचा आसराही तोच. लंडनचा अकराव्या शतकातील पांढरा मनोरा या जातीचा. सोलापुरास बहामनी काळातील गवंड्यांनी ते काम दुहेरी तटावर सोपविले. आतला तट बाहेरच्याहून उंच. त्यामुळे शत्रू पहिल्या तटाशी येऊन भिडला तरी वरून मारा चालू राहतो. एका अंगास सिद्धेश्वर तलाव, इतरत्र खंदक.

एवढा भक्कम कोट, परंतु तो अनेकदा हातोहात गेला, आणि त्याची कथा लग्नमांडवात सुरू होते. १५२४ साली सोलापुरासच विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहास दिली गेली. तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आणि साडेपाच परगणे देण्याचे वचन दिले होते, हा निजामशाहीचा दावा. आदिलशाहीने ते नाकारले. दुसऱ्याच वर्षी बुऱ्हाण फौज घेऊन चालून आला आणि पराभूत झाला. पुढे चाळीस वर्षे हा तंटा धुमसत राहिला. त्या परगण्यांतील रयतेने कोणकोणाच्या घोड्यांना वैरण पुरविली, याची मोजदाद कोणी ठेवली?

तालिकोटच्या लढाईआधी, विजयनगरविरुद्ध एकजूट करण्यासाठी, पुन्हा सोयरीक ठरली. हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी अली आदिलशहास दिली. सोलापूर या वेळी खरोखरच हुंड्यात गेले. अलीची बहीण निजामशहाच्या पुत्रास दिली गेली. जानेवारी १५६५ मध्ये विजयनगरचा पाडाव झाला.

विवाहापूर्वी वधू आणि वर यांना वेगवेगळे बसवून त्यांची मुक्त संमती विचारणे हे आमचे नित्याचे काम. त्या सवयीने मनात आले, की त्या तहाच्या कलमांत मुलीच्या संमतीस जागा कोठे होती? आमच्या समाजात हुंडा नाही, असे आम्ही व्यासपीठावरून म्हणतो खरे. ‘भेटी’च्या याद्या मात्र आम्ही पाहिल्या आहेत.

किल्ल्यासह सासरी गेलेल्या चांदबिबीने पुढे १५८० साली पतीचा खून झाल्यावर अल्पवयीन इब्राहिमासाठी विजापूरचा कारभार सांभाळला. किश्वरखानाने तिला काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यात डांबले. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंगाने अहमदनगरचा तट पाडला, तेव्हा तिने स्वतः उभे राहून खिंडार रातोरात बुजविले. १६०० साली तिचा जीव घेतला तो आतल्याच माणसांनी.

आम्ही हे सांगत असता एका मुलीने विचारले, “आणि त्या मरियमचे पुढे काय झाले?” ग्रंथांतून किल्ल्याचे पुढे काय झाले ते आम्ही सांगू शकलो. पुढच्या सुटीत साताऱ्यास न्या, असे तिने परतताना आम्हांस बजावले आहे.